आधी समोरच्याची बाजू

वकिलांच्या मेळाव्याला मी आपणहून कधीच गेले नसते. सांगलीत विद्यार्थी संघटनेत होते तेव्हापासून माझं काम एकच, पत्रक लिहायचं, छापून घ्यायचं आणि फाटकावर उभं राहून वाटायचं. पत्रकात दोनच माणसं असतात, एक अन्याय करणारा आणि दुसरा सोसणारा. तिसऱ्याला जागा नसते, कागद पाठपोट एकच असतो. कॅनडात येऊन स्कारबरोत राहायला लागले तरी काम बदललं नाही, फक्त पत्रक इंग्रजीत गेलं आणि हातमोजे घालून वाटायला लागलं.

तरी फेब्रुवारीत मी ओटावाला वकिलांच्या कार्यक्रमाला जाऊन आले. फेडरल अपील कोर्टात काम चालवणाऱ्या वकिलांसाठी तो दरवर्षी भरतो. तिथं कुणी मराठी माणूस हौसेनं जाईल असं वाटत नाही, म्हणून लिहिते आहे.

व्हिटबी

मी गेले ती सोनालीसाठी. सोनाली जालन्याची. लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स करायला इथल्या एका कॉलेजात आली. कोर्स अर्ध्यावर असताना कॉलेजनं वर्ग बंद केले आणि पोरांना सांगितलं, थांबा, पुढच्या सत्रात सुरू करतो. ती थांबली. वर्ग सुरू झाले नाहीत. मग एका अधिकाऱ्यानं ठरवलं की या मुलीनं शिकणं सोडलं, म्हणजे विद्यार्थी परवान्याची अट मोडली, म्हणजे तिनं देश सोडावा. खालच्या कोर्टात ती हरली. पण तिथल्या न्यायाधीशांनी एक प्रश्न वरच्या कोर्टानं बघावा असं मानलं. कॉलेजनंच थांब म्हटलं आणि मुलगी थांबली, तर ती विद्यार्थिनी राहते की नाही? वरचं कोर्ट 'राहते' म्हणालं तर सोनालीचं प्रकरण पुन्हा उघडणार. 'नाही' म्हणालं तर तिला विमानात बसावं लागणार. आपल्या देशी पोरांकडून तिप्पट फी घेताना ज्यांना तिची आठवण होती, त्यांच्यातलं या प्रश्नावर बोलायला कुणी शिल्लक नव्हतं.

तिच्या वकील रिबेका झिराडकर. आम्ही मावशी म्हणतो. मावशी बेने इस्राएल, कोकणातल्या मराठी ज्यू. मूळ अलिबागकडच्या, वकिली ठाण्यात सुरू केली, इथं येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. वय साठीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याला, आवाज मात्र भाजी मंडईत सहज ऐकू जाईल असा. हे कोर्ट टोरोंटोतही बसतं, पण ओटावाची तारीख लवकर मिळाली आणि योगायोगानं ती कार्यक्रम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी आली. तिथं येऊ घातलेल्या अपिलाची तालीम करून देतात, अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीश समोर बसतात, एक पैसा घेत नाहीत. मावशी एकट्याच ऑफिस चालवतात. त्यांना तालीम हवी होती, सोनालीला सोबत हवी होती, आणि मला माझी पत्रकं वाटायला तीनशे वकील एका जागी हवे होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी व्हिटबीला मावशींच्या घरी पोचलो तेव्हा त्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होत्या. मी फावडं मागितलं तर म्हणाल्या, "तू तुझा गठ्ठा गाडीत ठेव. तो जड आहे."

रस्त्यात

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पांढरं शेत, करडं आकाश, पुन्हा पांढरं शेत. जेवणाबद्दल मात्र आहे. किंग्स्टनच्या अलीकडे मावशींनी हायवेवरच्या कॉफीच्या दुकानासमोर गाडी लावली, आतून आमच्यासाठी गरम चहा आणला, आणि मागच्या सीटवरची पिशवी उघडली. घावन, ओल्या नारळाची चटणी, वालाचं बिरडं, आणि थर्मासमध्ये सोलकढी. बाहेर नाकातले केस गोठत होते आणि ही बाई सोलकढी ओतत होती. मांसाबरोबर दूध त्यांना चालत नाही, म्हणून त्यांच्या घरी सगळं नारळाच्या दुधात होतं, आणि त्याची इतकी सवय झालीय की डब्यात मांस नसलं तरी सोलकढी येतेच.

सोनालीनं घावनाचा तुकडा हातात धरून ठेवला होता. मावशींनी विचारलं, जात नाही का? ती म्हणाली, "जातंय की. पण आईनं फोनवर विचारलं, सामान बांधून ठेवलंस का. मी हो म्हणलं. बांधलेलं नाही काहीच."

"मग बांधू नको," मावशी म्हणाल्या आणि तिच्या घावनावर आणखी चटणी घातली.

ओटावा, पहिला दिवस

आपल्याकडे वकिलांचा कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि पाहुण्यांचा परिचय संपेपर्यंत पाहुण्याला डुलकी. इथं हॉटेलच्या हॉलमध्ये एक बाई माइकवर आल्या, ही जमीन इथल्या मूळ रहिवासी अल्गोंक्विन लोकांची आहे आणि ती त्यांनी कधी देऊन टाकलेली नाही असं म्हणाल्या, आग लागली तर दार कुठं आहे ते सांगितलं आणि कार्यक्रम सुरू. मी बाजूच्या माणसाला विचारलं, दिलेली नाही तर मग परत कधी करताय? तो लाल झाला आणि सॉरी म्हणाला. या देशात अर्धं भांडण सॉरीतच विरघळून जातं, चळवळ करणाऱ्यानं करायचं काय?

एका कानात इंग्रजी, दुसऱ्यात फ्रेंच असं कानाला लावायचं यंत्र मिळालं. दिवसभर चर्चा. लेखी युक्तिवाद किती आखूड असावा, पहिल्या दोन मिनिटांत काय बोलावं, न्यायाधीशांनी मधेच प्रश्न विचारला तर तो अडथळा नसून भेट आहे असं समजावं. खरे न्यायाधीशही आले होते, हातात कागदी कप घेऊन नव्या वकिलांच्या घोळक्यात उभे. चालू खटल्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मी एका न्यायाधीशबाईंच्या दिशेनं पत्रक घेऊन निघाले तेव्हा मावशींनी माझी बाही अशी धरली की शिवण उसवली. "तिच्या हातात ते दिलंस तर परवा बेंचवरून तिला उठावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या. मग मी गठ्ठा मफिनच्या टेबलावर ठेवून दिला. नोंदणीला बसलेल्या आजीबाईंनी तो पाहिला, वाचला, आणि शहर दाखवणाऱ्या बसच्या माहितीपत्रकांशेजारी कडा जुळवून नीट लावला. दिवसभरात तिथून दोन पत्रकं गेली. एक बहुतेक त्या आजींनीच घेतलं.

कॉफीच्या रांगेत मावशींनी एका उंच, टक्कल पडू लागलेल्या माणसाशी हात मिळवला, त्याच्या मुलीच्या हॉकीची चौकशी केली, बर्फाला शिव्या घातल्या. तो गेल्यावर मी विचारलं कोण. परवा सोनालीच्या विरोधात उभा राहणार तो, सरकारपक्षाचा वकील. त्याचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढं येईलच. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या बोलण्यावर आपल्या पोरीचं उचलबांगडीचं विमान ठरणार, त्याच्याशी हॉकी? मावशी म्हणाल्या, कोर्टात तर मी त्याला 'माझे मित्र' म्हणणार आहे, तशी रीत आहे, तेव्हा आत्तापासून सवय कर.

तालीम

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम. लहानशी खोली, बंद दार, समोर तीन खुर्च्यांत 'न्यायाधीश', मधल्या एक खऱ्याच निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या केसांच्या. सरकारपक्षाचं कुणी आत नाही. आत जे होईल ते बाहेर बोलायचं नाही असं आम्हांला सांगितलं होतं, म्हणून सोनाली आणि मावशी हो म्हणाल्या तेवढंच इथं लिहिते.

तिथला एक नियम मला माहीत नव्हता. आपली बाजू मांडायच्या आधी पाच मिनिटं समोरच्याची बाजू मांडायची. थट्टेनं नाही, पाडायला सोपी करून नाही, समोरचा मांडेल त्याहून चांगली.

मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कायदा साधा आहे. शिकायला आलेल्यानं शिकलं पाहिजे. कॉलेजनं वर्ग बंद केले याचं सरकारलाही दुःख आहे, पण परवाना कॉलेजनं दिलेला नव्हता, सरकारनं दिला होता, आणि अट मुलीनं मान्य केली होती. दुसरं कॉलेज शोधायला कुणी अडवलं नव्हतं. तिच्याच वर्गातल्या काहींनी शोधलं, आणि ते आज शिकतायत. ती वाट बघत बसली. वाट बघणं म्हणजे शिकणं असं कोर्टानं म्हटलं, तर उद्या कुणीही कितीही वाट बघेल.

आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. खोलीत एकदम गार झालं. मी इतकी वर्षं सरकारची बाजू पत्रकात लिहीत आले, पण ती नेहमी दोन ओळींत, अवतरणचिन्हांत, मूर्खासारखी. ती अशी माणसासारखी उभी राहिलेली मी कधी ऐकलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला पटत होती.

माझ्या शेजारी सोनाली स्कार्फचं टोक तोंडावर धरून रडत होती, अजिबात आवाज न करता.

निवृत्त न्यायाधीश म्हणाल्या, छान. आता मला सांगा, हे चूक का आहे. मावशी वळल्या आणि अडखळल्या. मीच आठवडाभर त्यांच्या मागं लागले होते की 'क्रूर' हा शब्द पहिल्या वाक्यात पाहिजे. त्यांनी तो घातला. न्यायाधीशबाईंनी मान कलती करून म्हटलं की क्रूर हे तुमचं मत झालं, ते माझंही असेल, पण निकालपत्रात मी लिहू काय? मग चष्मा काढून, पुसून, मावशींनी नव्यानं सुरुवात केली. अडखळतच. वाट बघत बसली असं सरकार म्हणतं, पण कुणाच्या दारात? ज्या दारावर सरकारनंच पाटी लावली होती की हे कॉलेज आम्हांला मान्य आहे. त्या दारातून सांगितलं, थांब. ती पाटी तेव्हा उतरवली होती का? नसेल, तर तिनं कुणावर विश्वास ठेवला?

"हां," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आता हे आधी बोला."

बाहेर आल्यावर सोनाली कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी राहिली. खाली कालवा गोठलेला आणि त्यावर माणसं पायात स्केटची पाती बांधून ऑफिसला निघालेली, पाठीवर लॅपटॉपच्या पिशव्या.

"मावशी, तुम्ही तर माझ्याच विरोधात बोलायलात. अन् किती चांगलं बोलायलात. तुम्हाला तसंच वाटतं का?"

मी मधे तोंड घालणार होते. मावशींनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"ते खरं आहे, बाळा. खोटं असतं तर तुला माझी गरजच पडली नसती." त्यांनी तिचा स्कार्फ सारखा केला. "उद्या तिथं ते ऐकशील तेव्हा तुला पहिल्यांदा ऐकल्यासारखं होणार नाही. म्हणून तुला आत बसवलं."

सोनाली खाली बघतच म्हणाली, "मी दुसरं कॉलेज का नाही शोधलं माहितीय? ते थांब म्हणले म्हणून. आमच्याकडं मास्तर थांब म्हणला की थांबायचंच असतं."

मलिदा

आम्ही मावशींच्या ओळखीच्यांच्या बेसमेंटमध्ये उतरलो होतो. दुपारी मावशींनी तिथल्या छोट्या ओट्यावर पोहे भिजवले आणि सोनालीला नारळ खोवायला बसवलं. बेने इस्राएल लोक काही मागायचं असलं किंवा मिळालं असलं की एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, खजूर, वर फळं. मी म्हटलं, मलिदा हा शब्द माझ्या पत्रकांत फक्त पुढाऱ्यांसाठी येतो. मावशी म्हणाल्या, मग जरा चांगल्या लोकांबद्दलही लिहीत जा. निकालाआधीच का, असं सोनालीनं विचारलं. "मागताना एकदा, मिळाल्यावर एकदा," मावशी म्हणाल्या. हिब्रूत प्रार्थना म्हटली, मधेच मराठीत सोनालीचं नाव आणि तिच्या आईचं नाव घेतलं. तिच्या आईचं नाव त्यांना ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, आणि माझ्या पत्रकावर सोनालीचा अख्खा फोटो होता.

मग आवरताना लक्षात आलं की कोर्टात गाऊनबरोबर गळ्याला लावायचा पांढरा बँड व्हिटबीला इस्त्रीच्या टेबलावर राहिला. दुकानं धुंडाळायला वेळ नव्हता. मावशींनी कुणाला तरी फोन केला, हसल्या, थँक यू म्हणून ठेवला. दुसरा एक बँड आहे म्हणे त्याच्याकडं. कोणाकडं, ते मी विचारलं आणि उत्तर ऐकून तोंडातली खजुराची बी तशीच गिळली.

कोर्ट

तर सोनालीच्या वकिलांनी सोनालीचा खटला सरकारी वकिलाचा बँड गळ्यात बांधून चालवला. मी हे कुठल्या मथळ्याखाली छापणार?

दालनात शिरताना वकील न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघूनही किंचित झुकतात. सोनालीनं झुकण्याऐवजी हात जोडले. तीन न्यायाधीश आले. मावशींनी दार, पाटी, थांब, सगळं तालमीतल्या क्रमानं मांडलं. 'क्रूर' एकदाही म्हणाल्या नाहीत. मग तो उभा राहिला. त्यानं तेच मांडलं जे मावशींनी आदल्या दिवशी मांडलं होतं, थोडं कमी चांगलं. सोनाली सरळ बसून ऐकत होती, जणू पाठ असलेली कविता कुणी म्हणतंय.

मधल्या न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. विचारलं, ही मुलगी थांबली होती त्या महिन्यांत ते कॉलेज सरकारच्या मान्य यादीत होतं का?

हा प्रश्न चुकवता येतो. तीन दिवस वकिलांत काढल्यावर मलाही कळत होतं कसा. तो नियमाचा हेतू काय इकडं वळू शकला असता, यादी हा आजचा मुद्दाच नाही म्हणू शकला असता. त्यानं फाइलची पानं उलटली. खूप वेळ. मग मान वर केली.

"होतं. आणि तिनं थांबू नये असं तिला कुणी कळवल्याचं मला या कागदांत कुठंही दाखवता येत नाही."

आणि पाणी पिऊन तो पुढचा मुद्दा मांडू लागला, सोनालीच्या विरोधातलाच. सोनालीनं माझा हात धरला होता, तो मला नंतर दुखला.

निकाल राखून ठेवला. म्हणजे लिहून कळवणार, काही महिने लागतील. बाहेर कॉरिडॉरमध्ये मावशींनी बँड सोडून त्याला परत दिला. तेवढ्यात सोनालीनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर धरला. मी म्हटलं, सोनाली! तिनं ऐकलं नाही. तो गोंधळला. सरकारी नोकर आहे, भेटवस्तू घेता येत नाही, असं म्हणाला. सोनाली इंग्रजीत म्हणाली की ही भेट नाही, समोर असेल त्या सगळ्यांनी खायचं असतं, नाहीतर पूर्ण होत नाही. त्यानं मावशींकडं पाहिलं. मावशी छताकडं बघत होत्या. त्यानं एक खजूर उचलला, खाल्ला, आणि बी कुठं टाकावी ते न कळून गाऊनच्या खिशात ठेवली.

परत

गाडीत मी फोनवर मथळा लिहिला. सरकारी वकिलाची कबुली. खाली त्याचं नाव. मोठ्यानं वाचून दाखवलं. लढ्यात हातात येतं ते वापरायचं असतं, आणि तो उघड कोर्टात बोलला होता, चोरून काही नव्हतं.

मावशी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "टाकू शकतेस. पुढच्या पोरीच्या वेळी न्यायाधीश त्याला असंच विचारतील. तेव्हा पान उलटताना त्याला तुझा मथळा आठवेल."

मी भांडले. किंग्स्टन जाईपर्यंत भांडले. माणसं चांगली असल्यानं नियम चांगला होत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. जी मुलगी थांब म्हटल्यावर थांबली तिला देशाबाहेर काढू बघणारी व्यवस्था पाच मिनिटं नीट मांडली म्हणून न्याय्य होत नाही. मावशी म्हणाल्या, अगदी बरोबर, हे लिही. मागच्या सीटवरून सोनाली म्हणाली, "तेजू, नाव नको टाकू. खजुराची बी अजून त्याच्या खिशात असंल."

नवं पत्रक परवा छापून आलं. पहिल्या परिच्छेदात सरकारचं म्हणणं आहे, जितकं चांगलं मला मांडता आलं तितकं, आणि त्याखाली ते चूक का आहे ते. आमच्या गटातल्या दोघांनी वाचून विचारलं, तू फुटलीस का? मी म्हटलं, शेवटपर्यंत वाचा. सोनालीचा फोटो काढून टाकलाय. तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली.

निकाल अजून आलेला नाही. सोनाली स्कारबरोतल्या तिच्या जुन्याच भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहते. काल तिच्याकडं गेले तेव्हा बर्फ काढायला फ्रीझर उघडला, तर भाजीच्या पाकिटांमागं डब्यात खोवलेला नारळ होता. शेजारच्या कपाटात पोह्याचा नवा पुडा, गूळ, वेलची. मी विचारलं, निकाल विरोधात गेला तर काय करशील या सगळ्याचं?

"करूनच जाईन," ती म्हणाली. "मावशी म्हणल्या दोनदा करायचा असतो. एकदाच झालाय."

बॅग तिनं अजून बांधलेली नाही.